दंडावरचा सेन्सर आणि दिवसभराची साखर

सतत ग्लुकोज मापनासाठी, म्हणजेच सीजीएमसाठी, दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढा सेन्सर चिकटवतात. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर जाते. तारेवरच्या ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून साखरेचा आकडा मोबाइलवर उमटतो. मात्र ही साखर रक्तातली नसते, पेशींभोवतालच्या द्रवातली असते. रक्तातला बदल तिथे पोहोचायला पाच-दहा मिनिटे लागतात, त्यामुळे जेवणानंतर ग्लुकोमीटर आणि सेन्सर यांचे आकडे जुळले नाहीत, तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. पहाटे तीनला 55 आणि दुपारी 260 अशी साखर असलेल्याचाही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. सेन्सरच्या आलेखात हे लपत नाही. एकादशीला ‘हलके’ म्हणून खाल्लेली साबुदाण्याची खिचडी पुष्कळांच्या आलेखावर तासाभरात डोंगर उभा करते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले, तर तो बहुधा ठेंगणा होतो.

आकड्याइतकाच शेजारचा बाणही महत्त्वाचा. 110 आणि आडवा बाण असेल तर काळजी नाही. इन्सुलिन घेतल्यावर तोच आकडा खाली रोखलेल्या बाणासह दिसला, तर गाडी चालवायला बसू नये. 2019च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बहुतेक प्रौढांची साखर दिवसाचा किमान 70 टक्के वेळ, म्हणजे सुमारे सतरा तास, 70 ते 180 मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी; 70च्या खाली एका तासाहून कमी. वृद्धांसाठी 70 टक्के वेळेची अट सैल असते, गरोदरपणात वरची मर्यादा अधिक कडक.

सेन्सर चुकतोही. त्याच कुशीवर झोपल्याने दाब पडून साखर खोटीच कमी दिसते. पहिल्या दिवशीचे आकडेही जरा सबुरीने घ्यावेत. घाम, थरथर होत असूनही आकडा ठीक दिसला, तर बोटाला टोचून पाहावे. साखर खरोखर उतरली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटावरच तपासावी, कारण सेन्सर मागे रेंगाळतो. उलट चूकही घडते, आणि ती जास्त धोक्याची: चढलेला आकडा पाहून आधीचा डोस ओसरण्यापूर्वीच दुसरे इन्सुलिन टोचले जाते.

सेन्सर साधारण दोन आठवडे टिकतो आणि काही हजार रुपयांना पडतो. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलांना तो सतत लागावा हे पटण्यासारखे आहे. गोळ्यांवर असलेल्यांना मात्र तपासणीआधी एखादा लावूनही पुष्कळ कळते. आलेखाशेजारी जेवण, औषधे आणि झोप यांच्या वेळा लिहिलेल्या असल्या, की गोळी बदलायची की रात्रीचे जेवण, हे डॉक्टरांना ठरवता येते.