अंगाला बसणारा बेल्ट

कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत बांधायची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: आधी कळस, मग पाया, म्हणजे शेंड्याचं काम जमिनीवरच उरकतं. उंचावरच्या कामाचा पहिला नियमही असाच आहे. जे काम जमिनीवर उरकतं, त्यासाठी माणूस वर चढवू नये. पण कडेगाव तालुक्यातल्याच वांगीच्या सोनहिरा साखर कारखान्याचं धुराडं खाली आणता येत नाही. वनकुसवडे, चाळकेवाडी, ढालगावच्या पठारांवरच्या पवनचक्क्यांची यंत्रंही दर दुरुस्तीला उतरवता येत नाहीत. तिथे माणूसच वर जातो, आणि त्याचा जीव अंगावरच्या बेल्टवर असतो.

साइटवर सगळ्यालाच बेल्ट म्हणतात. पण नुसता कमरेचा पट्टा बांधून पडलेला माणूस पोटात दुमडतो. म्हणून अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला थोपवण्यासाठी तो वापरायला बंदी आहे. पूर्ण अंगाच्या हार्नेसला खांद्यांवरून, छातीवरून, मांड्यांभोवती आणि बैठकीखालून पट्टे असतात, शिवाय पाठीवर एक कडी. १.८ मीटर मोकळं पडलं, तरी वेग ताशी २१ किलोमीटरवर जातो. झटका शोषणाऱ्या दोरीची शिवण टराटरा उसवते आणि तो हिसका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलो वजनाच्या भाराच्या आत ठेवते. एवढा जोर मांड्यांनी आणि कमरेखालच्या भक्कम हाडांनी पेलायचा असतो.

पट्टा जागचा हलला की हे गणित बिघडतं. किरकोळ अंगाच्या पोराने सगळी बकलं शेवटपर्यंत ओढली, तरी मांडीचा पट्टा लोंबतच राहतो आणि पडताना थेट जांघेत रुततो. सुटलेल्या पोटाच्या माणसाला छातीचा पट्टा कसाबसा लागतो. बाईच्या अंगावर तोच पट्टा छातीच्या उंचवट्यावरून घसरून गळ्याकडे सरकतो. खांद्यापासून बैठकीपर्यंतचं अंतर कमी असेल, तर पाठीवरची कडी दोन्ही खवाट्यांच्या मध्ये राहत नाही, खाली येते, आणि माणूस पुढे झुकून लटकतो. तरी खरेदीच्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच असतं: हार्नेस, इतके नग. बूट घेताना माप विचारणारे आपण इथे ते विचारत नाही, याची मला चीड येते.

संशोधक हाँगवेई शियाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बांधकाम कामगारांची अंगं उभ्या आणि लटकत्या, दोन्ही स्थितींत त्रिमितीय स्कॅन करून तपासली. उभं असताना चापूनचोपून बसलेला पट्टा लटकल्यावर वेगळाच वागतो. नुसती उंची आणि वजन पाहून माप ठरत नाही, धडाची घडण पाहावी लागते, आणि बायकांची घडण निराळी असते. आपल्याकडे देबकुमार चक्रवर्तींनी भारतीय शरीरमापांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून (एनआयडी) १९९७ मध्येच काढलं. म्हणजे मापांची वानवा नाही.

हार्नेस अंगाला बसतो का, हे तपासायला यंत्र लागत नाही. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट हात सरकावा, मूठ मात्र जाऊ नये. मग भक्कम आधाराला, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर थोडा वेळच लटकवून बघावं. मुंग्या आल्या, श्वास कोंडला किंवा पट्टा गळ्याशी आला, तर तो हार्नेस त्या माणसाचा नाही. दुसरं माप मागवावं, आणि ते येईपर्यंत त्याला वर पाठवू नये.