विश्लेषण : छोट्या होडीला कोणते इंजिन परवडेल?

पावसाळी मासेमारी बंदी उठण्याआधीचे आठवडे म्हणजे कोकण किनाऱ्यावर इंजिने खोलण्याचे आणि बदलण्याचे दिवस. ट्रॉलरवाल्यांचा हिशेब वेगळा. खाडीत किंवा किनाऱ्यालगत दोघांनी मिळून जाळे टाकायच्या १६ ते २० फुटी होडीसाठी मात्र इंजिन हा कधी कधी होडीहूनही मोठा खर्च ठरतो. निवड चुकली तर हप्ता डोक्यावर राहतोच, शिवाय रोजच्या मासळीतला मोठा वाटा टाकीत जातो.

किती एचपी पुरे?

शेजाऱ्याने १५ एचपी घेतले म्हणून आपणही घ्यायचे, अशी खरेदी सर्रास होते. पण वेग होडीच्या आकारावर ठरतो. गोल पोटाची, जाळ्यांनी भरलेली होडी पाणी कापत चालते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्यातली लांबी १६ फूट असेल तर ही मर्यादा साधारण साडेपाच नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्यापुढे एचपी वाढवले की पेट्रोल वाढते, वेग जेमतेम. सपाट बुडाची हलकी फायबर होडी पाण्यावर उचलली जाते. तिला जास्त ताकदीचा फायदा मिळतो, तोही वजन कमी असेल तरच.

मात्र ताकद अगदी काठावर घेऊ नये. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा ओढ तीन नॉटचा असेल, तर साडेपाच नॉटने चालणारी होडी किनाऱ्याच्या हिशेबाने अडीच नॉटच पुढे सरकते. त्यात समोरून वारा आला तर हाताशी थोडी ताकद शिल्लक हवी.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

खरा पैशांचा प्रश्न इथे आहे. टू-स्ट्रोक हलके, उघडायला सोपे आणि बहुतेक वेळा स्वस्त. फोर-स्ट्रोक जड आणि महाग, पण इंधन कमी पिते. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर जातो.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. १० एचपीच्या आसपासचे टू-स्ट्रोक तासाला एक लिटर जादा घेते असे धरू. रोज चार तास, वर्षाला २०० दिवस म्हणजे ८०० लिटर. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तरी वर्षाला ८० हजार रुपये. वर ऑइल वेगळे : ५० भाग पेट्रोलला एक भाग मिश्रण असेल, तर प्रत्येक लिटरमागे २० मिलिलिटर. दुकानात वाचलेले पैसे दोन हंगामांत पंपावर जाऊ शकतात. याउलट आठवड्यातून एकदाच होडी काढणाऱ्याला फोर-स्ट्रोकची जादा किंमत वसूल व्हायला वर्षे लागतील. त्याने टू-स्ट्रोक घेतले तर बिघडत नाही.

डिझेल इंजिन त्याच कामाला आणखी कमी इंधन घेते. पण ते जड असते, थरथरते आणि छोट्या होडीत जागा खाते. उथळ पाण्यासाठी लांब दांड्याचे, हवेवर थंड होणारे डिझेल इंजिन हा जुना, दणकट पर्याय आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तो रुळलेला आहे. बॅटरीवरची मोटर संथ पाण्यातल्या छोट्या फेऱ्यांना ठीक. चार तास ताकदीने चालवायची तर बॅटरीचाच खर्च परवडत नाही.

मापात बसते का?

आऊटबोर्ड साधारण १५ आणि २० इंचांच्या दांड्यात मिळतो. दांडा होडीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळला पाहिजे. आखूड पडला तर लाटेत पंखा हवा ओढतो, लांब पडला तर उगाच पाणी ओढत राहतो. पंखाही तपासा. पूर्ण रेस दिल्यावर इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर पंख्याचा पिच जास्त आहे. असे चालवत राहिले की इंजिन दमते. पंखा बदलणे नव्या इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त.

जुने घ्यायचे तर?

जुने घेण्यात गैर काही नाही, फक्त थंड इंजिन समोर चालू करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवले असेल तर शंका घ्या. मागून थंडाव्याच्या पाण्याची धार जोरात पडली पाहिजे. गिअर ऑइल दुधाळ दिसले तर सील फुटून पाणी आत गेले आहे. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सौदा सोडा. झाकणाखाली मिठाची पांढरी पुटे असतील तर आधीच्या मालकाने गोड्या पाण्याने इंजिन धुतलेले नाही, हे उघड आहे. बिल आणि इंजिन क्रमांक जुळतात का, हेही पाहा.

आणि सुटे भाग? आपल्या बंदरावरचा मेकॅनिक जे इंजिन रोज उघडतो, तेच घ्या. कागदावर सरस पण वॉटर पंपाच्या रबरी पात्यासाठी पंधरा दिवस थांबायला लावणारे इंजिन भर हंगामात महागच.

सवलतीचे काय?

डिझेलवरील कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. तो पेट्रोल आऊटबोर्डच्या हिशेबात धरू नका. इंजिनासाठी अनुदान घ्यायचे असेल, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी चौकशी करा आणि मंजुरीचा कागद हाती आल्यावरच दुकानदाराला पैसे द्या.