सूर्य समुद्रातून उगवतो तो किनारा

कोकणातल्या माणसाला सूर्य समुद्रात बुडताना पाहायची सवय. संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यावर तो समुद्रातून वर येतो. पहाटे तंबूची चेन उघडली की समोर ओमानचं आखात, पाठीशी हजर पर्वताचे उघडेबोडके कडे. रस्ता दक्षिणेला कलब्याच्या खारफुटीपासून उत्तरेला दिब्बापर्यंत जातो. दिब्बा तर फुजैरा, शारजा आणि ओमान अशा तिघांत वाटलेलं. वाटेतल्या बिदियाला थांबाच: १४४६च्या सुमाराची दगड-मातीची बुटकी मशीद, एकाच खांबावर पेललेले चार घुमट आणि आतला गारवा. कलबा व खोर फक्कान शारजाचे, तिथे दारूबंदी आहे. मुक्काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच करा. तंबू मात्र वादीच्या, म्हणजे डोंगरी ओढ्याच्या, कोरड्या पात्रात ठोकू नका; डोंगरात पाऊस झाला की बघता बघता लोंढा येतो.