डोळे पिवळे नाहीत, तरी रक्त का तपासायचं?

मैत्रिणींनो, गावात कुणाचे डोळे पिवळे झाले की आपण म्हणतो, कावीळ झाली. मग झाडपाला, तेलकट बंद, उसाचा रस. बहुतेक माणसं महिन्या-दोन महिन्यांत उठून कामाला लागतात आणि गुण झाडपाल्याला जातो. ही कावीळ बहुधा दूषित पाण्यातून येणारी, हिपॅटायटिस ए किंवा ई. (गरोदर बाईच्या मात्र ती जिवावर बेतू शकते. तिला लगेच दवाखान्यात न्या.)

आजचा विषय वेगळा आहे, हिपॅटायटिस सी. हा रक्तातून पसरतो आणि वीस-तीस वर्षं यकृतात गपचूप बसतो. थकवा येतो, भूक मरते. बाई म्हणते, कामानं दमले असेन. पोटात पाणी होतं तेव्हा कळतं, तोवर यकृत आक्रसलेलं असतं. काहींना पुढे कॅन्सर होतो.

येतो कुठून? एकच सुई अनेकांना टोचली, नशेची सुई मित्रांत फिरली, जत्रेत न बदललेल्या सुईनं गोंदवलं, दाढीचं पातं वाटून वापरलं, तर. आपल्याकडे रक्तपेढ्यांत सीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधी बाळंतपणात किंवा ऑपरेशनला रक्त चढवलेल्या ताईंनी स्वतःहून तपासून घ्यावं. बाधित आईकडून बाळालाही लागण होऊ शकते. पण एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, पाण्याचा तांब्या घेतल्यानं होत नाही. आणि हो, साध्या तापाला "सुई मारा" म्हणून आपणच हट्ट धरतो, तोही सोडू या.

आता चांगली बातमी. सीवर लस नाही, पण तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बहुतेकांना १२ आठवडे रोज गोळ्या, शंभरात पंचाण्णवच्या आसपास बरे. २०१३-१४ मध्ये अमेरिकेत यातली एक गोळी हजार डॉलरला होती. भारतीय कंपन्या ती बनवू लागल्या आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे.

मोफत असूनही कातकरी वाडीवरची किंवा वीटभट्टीवरची बाई पोचत नाही. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, वर "तुला हे कसं झालं?" हा प्रश्न. म्हणून तपासणीच वाडीवर गेली पाहिजे. पंजाबनं २०१६ मध्ये मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाची वाट न बघता जिल्हा रुग्णालयांतच उपचार सुरू केले, तिथे हजारो लोक बरे झाले.

तपासणी दोन टप्प्यांत होते. बोटातून थेंबभर रक्त, काही मिनिटांत निकाल. पॉझिटिव्ह आला म्हणून रडू नका. त्याचा अर्थ विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढाच. शंभरातल्या तीसेक जणांचं शरीर तो स्वतःच घालवतं. आत्ता आहे का, हे दुसऱ्या तपासणीत कळतं. त्यासाठी रक्ताची नळी पुढे पाठवता येते, दर वेळी बाईनंच जायला हवं असं नाही. गोळ्यांआधी हिपॅटायटिस बीचीही तपासणी करतात, आणि गरोदरपणात गोळ्या सुरू करत नाहीत, तेव्हा दिवस गेले असतील तर आधी सांगा. कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून बरं झाल्याची खात्री करतात. ही तपासणी बायका हमखास चुकवतात. बरं झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते.

ग्रामसंघानं काय करायचं? आशाताईंना घेऊन पौडच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा: तपासणी इथे होते की नमुना पुढे जातो, आणि वाडीवर शिबिर कधी घेता येईल. तारीख ठरवताना भट्टीचा हंगाम बघा, नाहीतर वाडीत म्हातारी माणसंच सापडतील. भाड्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं असेल तर प्रोसिडिंगमध्ये कारण फक्त "आजारपण" लिहा. कुणाचा निकाल काय आला ते बैठकीत विचारू नका आणि रजिस्टरमध्ये तर अजिबात लिहू नका.