अडीच पळे

इंग्रजीत ‘मोमेंट ऑफ ट्रुथ’ असा एक शब्दप्रयोग आहे. ‘कसोटीचा क्षण’ असे भाषांतर करून आपण मोकळे होतो. परंतु त्याचे मूळ स्पेनमधील बैलझुंजीच्या रिंगणात आहे. झुंजीच्या अखेरीस मॅटाडोर तलवार घेऊन बैलाच्या शिंगांसमोर उभा ठाकतो, ती वेळ म्हणजे ‘सत्याची घटका’. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘डेथ इन द आफ्टरनून’ (१९३२) या ग्रंथामुळे ती कल्पना इंग्रजीत रुजली. पुढे व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी ती उचलली आणि तिची धार बोथट झाली, असे मला वाटते.

मराठीत घटका ‘भरते’. तळाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर हळूहळू भरत जाते आणि चोवीस मिनिटांनी बुडते. घटका साठ पळांची. म्हणजे एक मिनिट अवघे अडीच पळांचे.

प्रसूतिगृहातले पात्र तेवढ्यातच बुडते. बाळ जन्मले, पण रडले नाही, तर त्या पहिल्या मिनिटाला नवजातशास्त्रात ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. बाळाला कोरडे करावे, ऊब द्यावी, पाठ चोळावी. तरीही श्वास सुरू न झाल्यास मिनिटाच्या आत पिशवी व मास्कने श्वास द्यावा. उलटे धरून चापट्या मारण्यात पूर्वी हेच मिनिट वाया जाई.

या मिनिटाचे मोल आपल्या बेळगावातच मोजले गेले आहे. २०१० मध्ये ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम जगापुढे आला. बेळगाव परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रे व रुग्णालयांतील ५९९ प्रसूतिसेवकांना त्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपजत मृत्यूंचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. त्यांतील ‘ताजे’, म्हणजे प्रसूतीच्या सुमारास घडलेले मृत्यू १.७ वरून ०.९ टक्क्यांवर. नवजात मृत्युदर मात्र जवळपास तोच, १.८ वरून १.९ टक्के, राहिला. याचा अर्थ, वाचलेली बाळे पुढील काही दिवसांतच दगावली, असेही झाले नाही.

हे आकडे मला अस्वस्थ करतात. ‘उपजत मृत’ अशी नोंद झालेली काही बाळे मृत नव्हतीच. ती श्वासाची वाट पाहत होती. उमेदवारीच्या काळात अशा नोंदींखाली मीही सह्या केल्या आहेत. त्यांतली किती खरी होती?

अनुभवी परिचारिका आज प्रसूतीपूर्वीच मास्क तळहातावर घट्ट धरून पिशवी दाबून पाहते. ऐन वेळी मास्क शोधण्यातच एक पळ जातो.