वेगाचा जमाखर्च

तराजूचा काटा केसभर कलला तरी तो ज्याच्या नजरेतून सुटत नाही, अशा व्यापाऱ्याच्या मोटारीतून दरमहा वीस-बावीस लिटर पेट्रोल निष्कारण जाते आणि त्याची नोंद त्याच्या कोणत्याही वहीत होत नाही, असे कोणी म्हटले तर ते खरे वाटणार नाही. आम्हांसही वाटले नसते. परंतु हा अनुभव आमच्याच घरचा आहे, आणि आमच्या अनेक व्यापारी बंधूंच्या दारी आता तशाच मोटारी उभ्या असल्यामुळे तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

२०२३ च्या दसऱ्यास आमच्या चिरंजीवांनी नवी मोटार घेतली. इंजिन अवघे एक लिटरचे, पण टर्बोचे; चाके रुंद, बैठक जमिनीलगत, आणि पाय दाबताच गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी धावणारी. आम्हांस ती खरेदी रुचली नव्हती. दोन महिन्यांनी पेट्रोलची बिले जुळविली तेव्हा लिटरला ११ किलोमीटरच पडत असल्याचे दिसले. आम्ही म्हणालो, "अरे, हा पांढरा हत्ती घरी कशाला आणलास?" त्यावर उत्तर आले, "अप्पा, निम्मे दिवस ती तुम्हीच चालवता. दोष गाडीचा, माझा की तुमचा, हे वही सांगेल." व्यापाऱ्याच्या मुलाने वहीची साक्ष काढली म्हटल्यावर नाही म्हणण्यास जागा उरली नाही.

प्रथम हिशेबाची रीत ठरविली. टाकी एकाच पंपावर पूर्ण भरावयाची, नळी आपोआप बंद झाली की त्यावर थेंबही घ्यावयाचा नाही, आणि त्या क्षणी मोटारीने कापलेले अंतर लिहून ठेवावयाचे. पुढच्या वेळी पुन्हा टाकी भरताना जितके लिटर लागले तितक्यांनी मधल्या किलोमीटरना भागावयाचे. मोटारीच्या पडद्यावर दिसणारे अ‍ॅव्हरेज हा अंदाज असतो. एका टाकीवरूनही निर्णय करू नये. चार-पाच टाक्यांची सरासरी धरावी. मोटार कोणी व कोठे चालविली, याचाही एक रकाना आम्ही आखला, आणि सारे रहस्य त्याच रकान्यात सापडले.

चिरंजीवांचा दोष प्रथम सांगतो. त्यांची रीत अशी की रस्ता मोकळा दिसला की वेग घ्यावयाचा आणि पुढे सिग्नल, बैलगाडी वा रिक्षा आली की ब्रेक लावावयाचा. आता वेग हा फुकट मिळत नाही. तो पेट्रोल देऊन विकत घ्यावा लागतो. अकराशे किलो वजनाची मोटार उभी असता तिला ताशी ६० किलोमीटरच्या वेगावर आणण्यास सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडते, कारण पेट्रोलमधील उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. वीस मिलिलिटर म्हणजे चहाचे चार चमचे. ब्रेक लावला की ही सारी खरेदी ब्रेकच्या तबकड्यांवर उष्णता होऊन उडून जाते. असे पन्नास वेळा केले की एक लिटर संपले. लिटरला १०० रुपये धरले तर प्रत्येक ब्रेकास दोन रुपये. आणि वेग ६० ऐवजी ८० वर नेला तर खर्च सव्वापट होत नाही, पावणेदोन पटींहून अधिक होतो. कारण या शक्तीची वाढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

याचा अर्थ मुंगीच्या पावलाने चालावे असा नव्हे. पुढचे दोनशे पावले पाहून चालवावे, इतकाच. सिग्नल लाल दिसला की तेथवर दामटीत जाऊ नये. पाय उचलून मोटार आपल्या गतीने जाऊ द्यावी. पुष्कळदा आपण पोहोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि विकत घेतलेला वेग आपल्याच पदरी राहतो. ज्या मालाला पुढे गिऱ्हाईक नाही तो माल भरू नये, हा दुकानातील नियमच येथे लागू पडतो.

दुसरी गोष्ट हमरस्त्याची. कोल्हापूरच्या रस्त्याला लागले की चिरंजीव सहज ११० ला जात. वेग वाढला की मोटारीपुढची हवा बाजूला सारण्याचे श्रमही वेगाच्या वर्गाने वाढतात. ताशी ८० किलोमीटरला हवेचा जो विरोध असतो तो १०० ला दीडपटीहून अधिक, आणि ११० ला जवळजवळ दुप्पट होतो. शंभर किलोमीटरच्या मार्गावर ८० ऐवजी १०० ने गेल्यास वाचतात अवघी पंधरा मिनिटे, आणि तीही मध्ये टोलनाका किंवा गर्दी न लागली तर. या एका तत्त्वावर राष्ट्रांनी कायदे केले आहेत. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. ती पुरती उठली १९९५ साली. आपल्याकडे इंधनबचतीच्या प्रचारासाठी पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था १९७८ साली निघाली ती याच दशकाच्या अनुभवातून.

येथे टर्बो म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरते, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक तितके पेट्रोल अधिक, आणि तितकाच जोर अधिक. म्हणजे या मोटारीत दोन इंजिने आहेत असे समजावे: हलक्या पायाला ते काटकसरी एक लिटरचे, आणि जड पायाला त्याहून बऱ्याच मोठ्या इंजिनासारखे खाणारे. यास्तव पाय हळूहळू दाबावा आणि गिअर वेळीच वर टाकावा. मात्र इंजिन धडधडू लागेल इतक्या कमी वेगात वरचा गिअर दामटू नये. त्याने बचत होत नाही आणि इंजिनास इजा होते. मोटारीत 'स्पोर्ट' नावाची कळ असेल तर ती शहरात बंद ठेवावी.

आता आमचा स्वतःचा दोष. आमचे घर टिळकवाडीत आणि दुकान रविवार पेठेत. अंतर तीन-चार किलोमीटरांचे. आम्ही सकाळी मोटार सुरू करून ती "गरम होईपर्यंत" पाच मिनिटे अंगणात उभी ठेवीत असू, दुपारी जेवणास येत असू, पुन्हा जात असू, आणि दुकानापुढे कोणाशी बोलत असता इंजिन चालूच ठेवीत असू. वहीने दाखविले की महिन्यातील सर्वांत वाईट अ‍ॅव्हरेज आमच्या या लहान फेऱ्यांचे होते. थंड इंजिनास पेट्रोल जास्त लागते, आणि ते पुरते तापण्याच्या आतच आमची फेरी संपत असे. उभ्या मोटारीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते आणि इंचभरही पुढे जात नाही. आजच्या इंजिनास अंगणात तापविण्याची गरज नाही. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सौम्यपणे चालवावे. रेल्वेच्या फाटकापाशी थांबावे लागले तर इंजिन बंद करावे. दुपारची फेरी आम्ही बंद केली. डबा दुकानीच येऊ लागला.

आमचा दुसरा दोष मात्र केवळ पैशांचा नव्हता, आणि तो सांगताना आजही मन चरकते. २०२४ च्या मे महिन्यात लग्नकार्यासाठी आम्ही चोर्ला घाटाने गोव्यास निघालो होतो. नातवंडे मागे बसली होती. उतार लागताच आम्ही तरुणपणच्या सवयीने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. कार्बुरेटरच्या काळी सारे असेच करीत, आणि त्यात चार थेंब वाचतही असत. चार वळणे उतरलो तोच जळका वास येऊ लागला, आणि ब्रेकचा पट्टा नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "अप्पा, आधी तिसरा गिअर टाका, मग दुसरा. आणि पुढे मोकळी जागा दिसली की थांबू." इंजिनाने गाडी रोखून धरली. रस्त्याकडेला अर्धा तास थांबलो. नातवंडांना काही कळले नाही. आमचे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

तेथेच चिरंजीवांनी समजावून दिले की हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असता पाय उचलला की पेट्रोलचा पुरवठा आपोआप बंद होतो. चाकेच इंजिनास फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. म्हणजे ज्याला आम्ही बचत समजत होतो तो उलट खर्च होता, आणि त्यासाठी आम्ही सर्वांचे प्राण पणास लावीत होतो. वडीलधाऱ्यांनी आपली जुनी विद्याही अधूनमधून तपासून घ्यावी, हे आम्ही त्या घाटात शिकलो. उतारावर गिअर काढू नये, ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवली तरी या लेखाचे सार्थक झाले.

उरलेल्या गोष्टी किरकोळ, पण व्यापाऱ्याने किरकोळीस हलके मानू नये. चाकांतील हवा महिन्यातून दोनदा, मोटार थंड असता तपासावी. ती किती पौंड असावी हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. हवा एका पौंडाने उतरली की अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटते. सहा-सात पौंडांनी उतरली तर एक टक्क्याहून अधिक गेले, आणि टायर झिजले ते निराळेच. चिरंजीवांस आणखी रुंद टायर बसवावयाचे होते. रुंदीने ओढ वाढते हे वहीत पाहिल्यावर त्यांनीच तो विचार सोडला. डिकीत नमुन्यांची तीन गाठोडी वर्षभर फिरत होती, ती उतरविली. छतावरचा कॅरियर कामापुरताच लावावा. गावात हळू जाताना काचा उघड्या चालतात. हमरस्त्यावर मात्र काचा बंद करून बेताचा एसी चालविणेच बरे, कारण उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो.

इंधनाविषयीही लोक बरेच बोलतात. आपल्या देशातील पेट्रोलमध्ये २०२५ साली सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश शक्ती कमी असते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटते. जुन्या घडणीच्या मोटारींत ही घट सहा ते सात टक्के धरावी, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात नमूद आहे. म्हणून जुन्या वहीशी आजची तुलना करताना एवढी वजावट करावी. महागडे पेट्रोल मात्र मोटारीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच घ्यावे. तसेच विक्रीच्या वेळी सांगितले जाणारे अ‍ॅव्हरेज प्रयोगशाळेत रोळांवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने मोजलेले असते. ते दोन मोटारींची तुलना करण्यास उपयोगी, आपल्या पेठेतील गर्दीचे भाकीत करण्यास नव्हे.

चालविणाऱ्याच्या हाती किती असते, याचा एक जुना दाखला आहे. १९३९ साली अमेरिकेतील वुड रिव्हर येथे शेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी, तितक्याच इंधनात कोणाची मोटार सर्वांत दूर जाते, अशी आपसांत पैज लावली. जिंकणाऱ्याने गॅलनला जवळजवळ ५० मैल काढले, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर. आणि तेही त्या काळच्या जड मोटारीतून. त्याच पैजेतून पुढे इंधनबचतीची एक जागतिक स्पर्धा उभी राहिली.

आमच्या वहीचा आकडा इतका थोर नाही. सहा महिन्यांच्या अखेरीस लिटरला १४ किलोमीटर पडू लागले. महिन्याला बाराशे किलोमीटरांच्या धावेवर पूर्वी १०९ लिटर लागत, आता ८६ लागतात. ही २३ लिटरांची बचत मोटार न बदलता आणि एकही नवे यंत्र न बसविता झाली. मोटार पूर्वीइतकीच चपळ आहे. पुढे जाणाऱ्या ट्रकला ओलांडताना तिचा जोर हवा तेव्हा मिळतो, आणि तो तेवढ्यापुरताच वापरला जातो.

वही अजून चालू आहे. तिच्यात एक रकाना चिरंजीवांचा आणि एक आमचा. गेल्या तीन टाक्यांत त्यांचा आकडा आमच्याहून वरचढ आहे. ती मोटार पांढरा हत्ती आहे, हे आमचे म्हणणे आम्ही घरात सर्वांसमक्ष परत घेतले आहे; ते येथेही परत घेतो.