‘अटॅक’ आणि ‘अरेस्ट’ एक नव्हेत

‘अटॅक आला आणि जागीच गेले,’ असे आपण सहज बोलून जातो. पण हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे तातडीचे उपायही वेगळे आहेत.

हार्ट अटॅक हा रक्तपुरवठ्यातील बिघाड. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बहुधा गुठळीमुळे बंद होते. हृदय मात्र सहसा चालू असते. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो. छातीवर दडपण, हात, जबडा किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, धाप ही त्याची लक्षणे. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये कधी छातीत फारसे दुखतही नाही. मग ‘पित्त झाले असेल’ म्हणून मोलाचा वेळ जातो.

‘अरेस्ट’ म्हटले की पोलिसांची अटक आठवते. वैद्यकात त्याचा अर्थ ‘थांबणे’. हा बहुधा हृदयाच्या विद्युतयंत्रणेतील बिघाड असतो. ठोक्यांची लय बिघडते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते, श्वास थांबतो किंवा नुसते आचके येतात.

हार्ट अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो. पण जन्मजात दोष, विजेचा धक्का, बुडणे अशीही कारणे असतात. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला, तो कार्डिॲक अरेस्टने. त्याच्या छातीवर लगेच दाब दिले गेले, विजेचा झटका दिला गेला आणि तो वाचला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खेळू लागला.

अटॅकची शंका आल्यास रुग्णाला चालवू नका. आरामात बसवा, 108 वर फोन करा आणि हृदयरोगावर उपचार होणाऱ्या रुग्णालयात न्या. अरेस्टमध्ये मात्र रुग्णवाहिकेची वाट पाहण्याइतकाही अवधी नसतो. हाक मारूनही प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, असे दिसताच एकाने फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी तळहाताने दाब द्यायला सुरुवात करावी. प्रौढांसाठी दाब 5 ते 6 सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा हवा. मदत येईपर्यंत थांबू नये. मेंदूला रक्त न मिळाल्यास चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. त्यामुळे ही मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात असतात.